पांढरी रेघ छापता येत नाही

वारली चित्र पांढऱ्या रंगाने काढतात, आणि कलाकृतींच्या प्रती छापण्यासाठी जे मोठे इंकजेट प्रिंटर मिळतात त्यांत पांढरी शाई नसते. बारा शायांच्या महागड्या यंत्रातही नसते. त्यात काळ्याचे दोन प्रकार असतात, राखाडीचे दोन असतात, निळा, किरमिजी आणि त्यांच्या फिकट छटा असतात, काही यंत्रांत केशरी, हिरवा आणि जांभळाही असतो. पांढरा म्हणजे कागद. जिथे पांढरे दिसायला हवे, तिथे यंत्र ती जागा मोकळी सोडते. तारपा वाजवणाऱ्याभोवती फेर धरलेली माणसे, लग्नाच्या चौकातली पालघट देवी, ताडाचे झाड, बैलांची जोडी हे सगळे चित्रकाराने रेघ ओढून काढलेले असते. प्रिंटर मात्र त्या रेघेच्या अवतीभवतीचा गेरू छापतो आणि रेघ उरते. चित्रकाराच्या हाताने जे केले त्याच्या बरोबर उलट काम यंत्राला करायचे असते. प्रिंटर कोणता घ्यावा हा विचार इथून सुरू केला, तर माहितीपत्रकातले निम्मे आकडे बिनकामाचे ठरतात आणि ज्या गोष्टींचा तिथे उल्लेखही नसतो त्या महत्त्वाच्या होतात.

असा प्रिंटर जिथे बसावा असे मला वाटते, ते सामरवरणी हे सिल्वासाला लागून असलेले गाव. जनगणनेत ते शहरी वस्तीत मोजले जाते. कारखान्यांचे गाळे आहेत, मालाच्या ट्रकची ये-जा आहे. सिल्वासा २ ऑगस्ट १९५४ रोजी पोर्तुगीजांच्या ताब्यातून सुटले, पुढे दादरा आणि नगर हवेली केंद्रशासित झाली. नकाशावर महाराष्ट्राची हद्द अलीकडे संपते, पण वारली वस्तीने ती हद्द कधी मानली नाही. तलासरी, डहाणू, जव्हार, मोखाड्यापासून खानवेलपर्यंत तेच पाडे, तेच देव, लग्नात भिंतीवर तोच चौक. त्यामुळे वारली चित्रांच्या उत्तम प्रती काढणारे छोटे केंद्र सामरवरणीसारख्या ठिकाणी उभे राहावे, असे मला मनापासून वाटते. चित्रकार जवळ आहेत, वीज आणि गाळे आहेत, वापीचे रेल्वे स्टेशन फार लांब नाही. आज वारली आकृत्या दिसतात त्या बहुतेक फ्लेक्सवर, टी-शर्टवर आणि हॉटेलांच्या भिंतींवर. चित्रकाराच्या सहीची, शंभर वर्षे टिकावी अशा इराद्याने काढलेली प्रत फार कमी वेळा पाहायला मिळते.

ही चित्रे कागदावर आली त्याला फार काळ लोटलेला नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी वारली पाड्यांमध्ये फिरले. त्याआधी ते बिहारमध्ये मधुबनीला जाऊन तिथल्या बायकांच्या हाती कागद देऊन आले होते. वारल्यांत चौक लिहिण्याचे काम सवाशिणींचे. जिव्या सोमा मशे या डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या चित्रकाराने ती रेघ विधीच्या बाहेर आणली आणि तिच्यातून रोजचे जगणे काढले. १९७६ मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ मध्ये पद्मश्री. १५ मे २०१८ रोजी ते गेले. त्यांनी काढलेले मासेमारीचे जाळे ज्याने जवळून पाहिले असेल त्याला प्रिंटरची खरी परीक्षा कुठे आहे हे सांगावे लागणार नाही. हजारो बारीक रेघा, त्यांची वीण, आणि एकही रेघ दुसरीसारखी नाही.

चित्र पाहून छपाईची पद्धत ठरवायची, ही चाल आपल्याकडे जुनी आहे. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्यांची चित्रे तैलरंगातली, म्हणून प्रतींसाठी ओलिओग्राफ निवडला. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, वरून वार्निशची चकाकी, म्हणजे घरातल्या भिंतीवर लावलेली लक्ष्मी तैलचित्रासारखी दिसावी. वारली चित्राला त्यातले काहीच नको. त्याला मातीचा कोरडेपणा हवा.

तेव्हा पहिला मुद्दा सपाट तपकिरी रंगाचा. फोटो छापताना कागदावर आकाश, झाडे, चेहरे अशी गर्दी असते. एखादे नोझल बंद पडले तरी त्या गर्दीत ते खपून जाते. वारली चित्रात कागदाचा बहुतेक भाग एकाच गेरू रंगाने भरलेला असतो. हेड डावीकडून उजवीकडे धावत शाईचे थेंब टाकते, कागद किंचित पुढे सरकतो, हेड पुन्हा धावते. कागद केसाच्या अंशाने जास्त सरकला तर फिकट आडवा पट्टा उमटतो, कमी सरकला तर गडद. त्या सपाट गेरूवर असा पट्टा चार फुटांवरूनही दिसतो. म्हणून यंत्राचा वेग दाखवणाऱ्या आकड्यापेक्षा कागद सरकवण्याची अचूकता आणि ती स्वतः जुळवून घेता येण्याची सोय मोलाची. चांगल्या यंत्रांत प्रत्येक जातीच्या कागदासाठी हे सरकणे वेगळे बसवून ठेवता येते.

दुसरीकडे, रंगांच्या संख्येबद्दल दुकानदार जे सांगतो त्यातले बरेचसे इथे लागू नाही. केशरी, हिरव्या, जांभळ्या शाया जास्त असल्या की झगझगीत रंग जास्त मिळतात, हे खरे. पैठणीचा मोरपंखी किंवा जास्वंदीचा लाल छापायचा असेल तर त्यांचा उपयोग आहे. गेरू, शेण, कोळसा हे रंग मंद आहेत. नऊ शायांचे यंत्रही ते सहज देते. इथे राखाडी शाया जास्त कामाच्या, कारण शेणाने सारवलेल्या पृष्ठभागावरचे सूक्ष्म चढउतार त्यांच्यामुळे टप्पे न पडता उतरतात.

गेरू म्हणजे लोहाचे ऑक्साइड, उन्हापावसात टिकणाऱ्या रंगद्रव्यांपैकी एक. प्रिंटरमध्ये ते नसते. यंत्र किरमिजी, पिवळा, राखाडी अशा शाया मिसळून गेरूचा भास तयार करते. त्याचे दोन परिणाम होतात. एक, हा रंग उजेडाप्रमाणे बदलतो. ट्यूबलाइटखाली मूळ चित्राशी तंतोतंत जुळलेली प्रत दुपारच्या उजेडात किंचित लालसर किंवा हिरवट दिसू शकते. २००० साली आलेला एप्सनचा २०००पी हा रंगद्रव्याच्या शाईचा प्रिंटर या दोषासाठी बराच बदनाम झाला होता. आताच्या शाया खूप सुधारल्या आहेत, पण दोष संपूर्ण गेलेला नाही. दोन, मिश्रणातली एखादी शाई आधी फिकी पडली तर सगळ्या चित्राचा तोल जातो. अनेक शाईसंचांत पिवळी आधी विटते, आणि पिवळी विटली की गेरू गुलाबीकडे झुकतो. म्हणून रंगद्रव्याचीच शाई घ्यावी, विरघळणाऱ्या रंगाची कधीच नाही. आणि शाई किती वर्षे टिकेल याचे दावे वाचताना कोणत्या उजेडात हे पाहावे. अमेरिकेतल्या हेन्री विल्हेम यांच्या संस्थेचे आकडे सर्वांत जास्त वापरले जातात, ते ४५० लक्स उजेड रोज १२ तास असे धरून काढलेले असतात. व्हरांड्यात उघड्यावर टांगलेल्या प्रतीला ते लावता येत नाहीत.

आता पांढऱ्या रेघेकडे येऊ. तांदळाच्या पिठाची रेघ बांबूची काडी टोकाला चावून केलेल्या कुंचल्याने ओढतात. समजा, ती अर्धा मिलिमीटर जाड आहे. इंचाला ३०० बिंदूंच्या फाइलमध्ये ती सहा बिंदूंची होते. दोन्ही बाजूंनी गेरू छापला जातो आणि शाई कागदात थोडी पसरते. ती प्रत्येक बाजूने मिलिमीटरचा विसावा हिस्सा पसरली, तरी रेघेचा पाचवा भाग खाल्ला जातो. काळ्या रेघेचे चित्र असते तर रेघ जाड झाली असती आणि डोळ्याला ते फारसे टोचले नसते. इथे रेघ बारीक होते. माणसांच्या कमरेशी दोन त्रिकोण जिथे टोकाला टोक लावून भेटतात तो बिंदू आधी बुजतो, आणि नाचणाऱ्याचे धड दोन तुकड्यांत दिसते. भिंग घेऊन पाहायची जागा ही.

थेंबाचा आकार याला थोडाच जबाबदार असतो. आजच्या यंत्रांतला चार पिकोलिटरचा थेंब हवेत असताना साधारण २० मायक्रॉन व्यासाचा असतो, केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी लहान. तो कागदावर पडल्यावर किती फाकतो हे कागदाच्या लेपावर ठरते. म्हणून यंत्राआधी कागद निवडावा, असे माझे ठाम मत आहे. बहुतेक लोक उलट करतात.

कागद मॅट हवा, कापसाच्या धाग्याचा, आम्लविरहित, चौरस मीटरला ३०० ग्रॅमच्या आसपास. जर्मनीची १५८४ पासून कागद बनवणारी हानेम्युले ही कंपनी ३०८ ग्रॅमचा जो फोटो रॅग कागद करते, तो जगभर या कामाचा मापदंड मानला जातो. आपल्या पुण्यात शिवाजीनगरला १९४० पासून हातकागद संस्था आहे, आणि वारली चित्रासाठी हातकागद वापरावा हा मोह साहजिक आहे. मूळ चित्र काढायला तो छानच. छपाईला मात्र इंकजेटचा लेप नसलेला हातकागद शाई शोषून घेतो, कडा फाकतात, आणि सुटे तंतू हेडला लागतात.

इथे कागदाचा रंग हाच रेघेचा रंग आहे, त्यामुळे कागद किती पांढरा हा प्रश्न नाजूक होतो. बाजारातल्या बऱ्याच कागदांत उजळपणा आणणारी रसायने घातलेली असतात. ती अतिनील किरण शोषून निळसर उजेड फेकतात, म्हणून कागद शुभ्र भासतो. तांदळाच्या पिठाचा पांढरा असा नसतो. तो किंचित पिवळट, भाताच्या पेजेकडे झुकणारा असतो. उजळ कागदावरची वारली रेघ निळी, थंड दिसते. शिवाय ही रसायने काही वर्षांत निकामी होतात आणि कागद पिवळा पडतो, म्हणजे चित्रातल्या सगळ्या माणसांचा रंग बदलतो. पारख सोपी आहे. दुकानांत नोटा तपासायला ठेवतात तो जांभळा दिवा अंधारात कागदावर धरावा. कागद निळा पेटला तर परत करावा, मंद राहिला तर घ्यावा. नमुन्यांचे पुडके मागवून हे पाच मिनिटांत होते.

मॅट कागद ठरला की यंत्राबद्दलचा एक जुना वाद आपोआप निकालात निघतो. काळ्या शाईचे दोन प्रकार असतात, चकाकीच्या कागदासाठी एक आणि मॅटसाठी दुसरा. एप्सनच्या आधीच्या पिढ्यांत दोघींना मिळून एकच मार्ग होता, एकीवरून दुसरीवर जाताना बरीच शाई धुऊन वाया जाई. आता नव्या यंत्रांत दोन्हींना वेगळी नोझले आहेत. जुने, वापरलेले यंत्र स्वस्तात मिळत असेल आणि तुम्ही आयुष्यभर मॅटच छापणार असाल, तर या दोषाला घाबरायचे कारण नाही.

खरी निवड करायची ती हेडच्या जातीची. कॅनन आणि एचपीच्या यंत्रांत शाई तापवून उडवतात. १९७७ मध्ये जपानमध्ये कॅननच्या प्रयोगशाळेत गरम सोल्डरिंग आयर्न शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला चुकून टेकले आणि सुईतून शाई उडाली, तिथून हे तंत्र निघाले. हेडमधल्या सूक्ष्म तापकावर शाईचा बुडबुडा होतो आणि तो थेंबाला ढकलतो. एप्सनच्या यंत्रांत विजेचा दाब दिला की वाकणारा स्फटिक असतो, तो पिचकारीसारखा थेंब रेटतो. यात शाई तापत नाही, हेड बरीच वर्षे टिकते, थेंबाचा आकार जास्त बारकाईने ताब्यात ठेवता येतो. जाड कागदालाही एप्सन सरस, त्याच्या मोठ्या यंत्रांत दीड मिलिमीटर जाडीचा सुटा बोर्ड जातो. पण हेड कायमचे बसवलेले असते. ते बिघडले तर इंजिनिअर बोलवावा लागतो आणि बिल यंत्राच्या किमतीशी नाते सांगते. कॅननचे हेड ही वापरून टाकायची वस्तू आहे. ते मालक स्वतः दहा मिनिटांत बदलू शकतो. त्यांच्या १२ शायांच्या यंत्रांच्या हेडमध्ये १८,४३२ नोझले आहेत. कोणते नोझल बंद पडले हे यंत्र स्वतः तपासते आणि शेजारच्याकडून ते काम करून घेते.

मुंबईत, सेवा केंद्र तासाभरावर असताना, मी एप्सनच्या बाजूने कौल दिला असता. सामरवरणीत, मुंबई पावणेदोनशे किलोमीटरवर असताना, आणि काम रोज नसून हंगामाने येणारे असताना, हेड स्वतः बदलता येणारे यंत्र घ्यावे असे मला वाटते. मॉडेलची नावे दर तीनचार वर्षांनी बदलतात. हा निकष बदलत नाही. विक्रेत्याला दोन प्रश्न लेखी विचारावेत: इंजिनिअर कुठून येतो, आणि सुटे हेड व साफसफाईत वाया जाणारी शाई साठवणारी देखभालीची टाकी वापीत किंवा सुरतेत साठ्याला असते का.

याहून मोठा प्रश्न पावसाचा आहे. या भागात वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. जुलैत हवेतली आर्द्रता नव्वदीला टेकते. बहुतेक यंत्रांची मर्यादा ८० टक्के लिहिलेली असते, आणि कागद सुखात असतो तो ४० ते ६० टक्क्यांत. कापसाचा कागद दमट हवेत पाणी पितो आणि फुगतो. तोही सारखा फुगत नाही, कडा आधी फुगतात आणि लाटा येतात. यंत्राच्या पाटावर कागद खाली खेचून धरणारा पंखा असतो, पण ३०० ग्रॅमच्या कागदाची उचललेली कड त्याला जुमानत नाही. हेड त्या कडेला घासते. ओल्या गेरूवर काळसर फराटा उठतो आणि हेडलाही इजा होते. गेरूचा सपाट रंग म्हणजे आधीच भरपूर ओल. फिकट फोटोला जी अडचण येत नाही ती इथे येते.

यावर उपाय यंत्रात कमी आणि खोलीत जास्त. गाळ्याच्या आत एक छोटी बंद खोली, तिला एसी आणि हवेतला ओलावा काढणारे यंत्र, भिंतीवर शंभर-दोनशे रुपयांचा आर्द्रतामापक. रोल प्लॅस्टिकच्या पिशवीत सिलिका जेल घालून ठेवावा आणि छापण्याआधी दिवसभर त्या खोलीत उघडा ठेवावा. यंत्रात हेड आणि कागद यांमधले अंतर वाढवायची सोय असतेच, पण अंतर वाढले की थेंब भरकटतात आणि पांढऱ्या रेघेची कड मऊ होते, म्हणून ती शेवटची युक्ती. एप्रिल-मेच्या कोरड्या दुपारी उलटी तऱ्हा, नोझलच्या तोंडाशी शाई वाळते. तेव्हा खोलीत ओलावा वाढवावा लागतो. या खोलीचा खर्च यंत्राच्या अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून धरावा. ज्याला तो परवडत नाही त्याने यंत्र घेऊ नये, छपाई बाहेरून करून घ्यावी. हे कटू वाटेल, पण पावसाळ्यात चार महिने बंद पडलेले यंत्र कर्जाच्या हप्त्यासह सांभाळणे त्याहून कटू.

विजेचेही तसेच. छपाई चालू असताना वीज गेली तर हेड पाटाच्या मधोमध उघडे राहते. त्याची जागा उजव्या टोकाला, रबरी टोपीखाली असते. तिथे ते पोहोचले नाही तर शाई हवेत वाळते. चांगला ऑनलाइन यूपीएस आणि नीट अर्थिंग हवेच. यंत्र रात्री बंद करून जाऊ नये. ते चालू राहिले की ठरावीक वेळाने स्वतःला साफ करत राहते. या साफसफाईत शाई जाते, आणि ज्या यंत्रावर आठवड्याला चार प्रती निघतात त्याची कागदावर कमी आणि टाकीत जास्त शाई जाऊ शकते. म्हणून ७०० मिलिलिटरची कार्ट्रिज स्वस्त पडते हे गणित कमी कामाच्या केंद्राला लागत नाही. उघडलेली कार्ट्रिज सहा महिन्यांत संपवावी असे कंपन्याच सांगतात. छापलेल्या भागाला साधारण चौरस फुटामागे एक ते दीड मिलिलिटर शाई धरावी, गेरूच्या भरीव चित्राला वरचा आकडा. नव्या यंत्रासोबतच्या शाईतली मोठी वाटणी पहिल्याच वेळी नळ्या भरण्यात जाते, हेही ध्यानात असू द्यावे.

रुंदी किती घ्यावी? २४ इंच. ४४ इंचांचे यंत्र पाहून भुरळ पडते, पण ते शंभर किलोच्या वर असते, खोली मोठी लागते, म्हणजे थंड आणि कोरडी ठेवायची हवाही वाढते. रोलवर मर्यादा रुंदीची असते, लांबीची नाही. दोन फूट रुंद कागदावर दहा फूट लांब लग्नाची वरात २४ इंची यंत्रावर एका दमात निघते.

दुकानात प्रात्यक्षिक पाहायला जाताना स्वतःची फाइल आणि स्वतःचा कागद घेऊन जावे. तिथे टांगलेले नमुने पोपटांचे, मिरच्यांचे, सूर्यास्ताचे असतात, ते कोणत्याही यंत्रावर सुंदर दिसतात. आपण असे चित्र द्यावे ज्यात एक हातभर रिकामा गेरू आहे आणि कोपऱ्यात जाळे किंवा झाडाची बारीक पाने आहेत. प्रत निघाल्यावर ती आधी दारापाशी उजेडात धरून तिरकी पाहावी, पट्टे तिरक्या नजरेला दिसतात. मग भिंगाने रेघेच्या कडा पाहाव्यात. नंतर प्रत घरी आणून एक दिवस वाळू द्यावी आणि कोरड्या सुती फडक्याने कोपऱ्यात हलकेच पुसावी. मॅटवरचा भरीव गडद रंग खरवडला जातो, आणि गेरूवर ओरखडा उठला की खालचा पांढरा कागद दिसतो. तो नेमका चित्रातल्या रेघेसारखाच दिसतो, म्हणून जास्त घातक. प्रतींच्या मध्ये गुळगुळीत बटर पेपर घालायचा आणि चौकटीत काच चित्राला चिकटू द्यायची नाही, ते याचसाठी.

चित्राची फाइल कशी तयार करता यावरही निम्मे यश आहे. दोन्ही बाजूंनी सारखा प्रकाश टाकून फोटो काढला की रंग बरोबर येतात, पण पिठाच्या रेघेचा उठाव सपाट होतो. एका बाजूचा प्रकाश जरा जास्त ठेवला तर रेघेखाली नखभर सावली येते आणि छापलेल्या सपाट कागदावर ती रेघ उठून दिसते. रंग मोजणारे उपकरण आणि प्रत्येक कागदाचा स्वतंत्र प्रोफाइल हवा. एचपीच्या झेड ९ प्लससारख्या यंत्रात हे उपकरण आतच बसवलेले असते, इतरांसोबत वेगळे घ्यावे लागते. यावर पैसे वाचवू नयेत.

पांढरी शाई असलेली यंत्रे आहेतच, आणि वापी-सिल्वासाच्या पॅकेजिंग उद्योगाच्या पट्ट्यात ती परकी नाहीत. यूव्ही दिव्याने वाळणाऱ्या शाईचे सपाट टेबलाचे प्रिंटर लाकडावर, काचेवर, तपकिरी कागदावर पांढरे छापतात. खऱ्या गेरूच्या कागदावर पांढरी रेघ छापता आली तर उलट कामाची सगळी अडचणच मिटते, असे वाटते. पण ती शाई वाळल्यावर प्लॅस्टिकचा पापुद्रा होतो, तिच्यावर बोट फिरवले की मातीची आठवण येत नाही. पांढऱ्या शाईतले टायटॅनियम डायऑक्साइड जड असते, ते नळीत खाली बसते, आणि यंत्र सतत ढवळत ठेवावे लागते. दरवाजावर, फर्निचरवर वारली काम करायला हे यंत्र चांगले, संग्रहासाठीच्या प्रतीला नाही.

एकाच चित्राच्या दोनशे प्रती काढायच्या असतील तर मात्र मी इंकजेटचा हट्ट धरणार नाही. लग्नपत्रिका छापणारा हुशार स्क्रीन प्रिंटर गेरू लावलेल्या हातकागदावर पांढऱ्या शाईचा एक हात मारतो, आणि ती रेघ खरोखर वर उठलेली असते, बोटाला लागते. एकरंगी रेघचित्राला याहून जवळची पद्धत नाही. इंकजेटचा फायदा आहे तो हवी तेव्हा एक-एक प्रत काढण्यात, आणि ज्या मूळ चित्रात शेण, गेरू, डाग, हाताचे ठसे असे सगळे जपायचे आहे त्यात.

प्रती काढायला कोणाची परवानगी लागते हे यंत्र घेण्याआधी समजून घ्यावे. तयार चित्र विकत घेतले म्हणून त्याच्या प्रती काढायचा हक्क मिळत नाही. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याप्रमाणे तो हक्क चित्रकाराकडे हयातभर आणि मृत्यूनंतर ६० वर्षे वारसांकडे राहतो. मशे यांच्या चित्रांबाबत ही मुदत २०७८ च्या अखेरपर्यंत जाते. पैसे देऊन सांगून काढून घेतलेल्या चित्राचा नियम वेगळा आहे, आणि नेमक्या याच फटीत अनेक आदिवासी चित्रकारांचे नुकसान होते, म्हणून लेखी करार आधी करावा. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले, ते नाव वापरण्यापुरते आहे, एकेका चित्रावरचा हक्क त्याने ठरत नाही. करारात एकूण प्रती किती, प्रत्येक विक्रीमागे चित्रकाराला किती, बिघडलेल्या प्रतींचे काय, आणि ठरलेल्या प्रती संपल्यावर फाइल कोणाकडे राहणार, एवढे तरी असावे. करार मराठीत किंवा गुजरातीत, चित्रकाराला वाचता येईल असा असावा आणि त्याची एक प्रत त्याच्या घरी असावी.

सहीसाठी जागा ठेवायला विसरू नये. भरीव गेरूवर पेन्सिलची सही आणि प्रतीचा क्रमांक दिसत नाही. फाइल तयार करतानाच चारही बाजूंना दोन इंच कोरा कागद सोडावा. छपाई कडेपासून लांब राहते, त्यामुळे उचललेली कड हेडला लागली तरी फराटा चित्रावर येत नाही, प्रत धरायला जागा मिळते, चौकट करणाऱ्याला पट्टी दाबायला जागा मिळते, आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात चित्रकार मऊ पेन्सिलीने आपले नाव लिहितो.